लाखेच्या शिक्क्यातलं लग्न

परवा माझा मुलगा मोबाइलवर कसलीशी मालिका पाहत होता. त्यातल्या एका साडीचा फोटो काढून मला दे म्हणाले, तर म्हणाला, "आई, ते जमत नाही. फोटो काढला की नुसतं काळं येतं. कॉपी होऊ नये म्हणून कंपनीनंच कुलूप घातलंय." बोलताना त्याच्या आवाजात त्या कंपनीविषयी इतका आदर होता की मला हसू आवरेना. असलं कुलूप मी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी परभणीत पाहिलेलं आहे, आणि तेही माझ्या स्वतःच्या लग्नाला घातलेलं. त्याला संगणक लागला नव्हता. लाख, मेणबत्ती आणि बेलाची पानं एवढ्यावर भागलं होतं.

आमच्या भागात तेव्हा लग्नाचं शूटिंग नवीन होतं. रिवाज असा पडला की मांडव, जेवण, मानपान मुलीकडे आणि शूटिंगवाला नवरदेवाकडे. त्यामुळे कॅसेटही नवरदेवाच्या घरी जायची. मुलीच्या आईबापांनी भात शिजवायचा, पत्रावळी उचलायच्या आणि पुढे कधी मुलीच्या सासरी गेलंच तर तिथं बसून आपणच शिजवलेला भात टीव्हीवर पाहायचा. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही वाटत नव्हतं, कारण तेव्हा मी नवरी होते आणि नवरीला काही वाटायचं नसतं.

माझं माहेर सोनपेठजवळच्या एका खेड्यातलं, सासर झरीचं. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. त्याच्या घरच्यांनी परभणीहून शूटिंगवाला आणला होता. हा गृहस्थ साधारण चाळिशीचा, सफारी घालणारा, खिशाला दोन पेनं लावणारा. दुकानात शिरलं की समोरच्या भिंतीवर भाड्यानं द्यायच्या सिनेमाच्या कॅसेटा. त्यातली एकही सरळ मार्गानं आलेली नव्हती. काही तर थेटरात बसून चोरून उतरवलेल्या. नायिका रडत असते आणि मधूनच एखादं डोकं पडद्यासमोरून लघवीला जातं. आणि या कॅसेटांच्या वरच मोठी पाटी: 'कॅसेटची कॉपी करणे हा गुन्हा आहे.' ही पाटी वाचून हसणारी मी पहिलीच असेन असं नाही, पण त्याच्या तोंडावर हसायची कुणाची छाती नव्हती, कारण परभणीत चांगला कॅमेरा त्याच्याकडेच होता.

त्याचं दुखणं वेगळंच होतं. लग्नाची कॅसेट दिली की मामा, मावशी, आत्या सगळ्यांना एकेक कॉपी हवी असायची, आणि त्या कॉप्या आपल्याकडूनच करून घ्याव्यात अशी त्याची अपेक्षा. पण लोक शहाणे. दोन व्हीसीआर वायरीनं जोडले की काम होतं हे गंगाखेडच्या एका दुकानदारानं सगळ्या जिल्ह्याला शिकवलं, आणि सगळे मामा-मावश्या तिकडे वळले. भिंतभर चोरीचा माल लावून बसलेल्या माणसाला चोरीची एवढी चीड मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. खरं तर माल त्याचा म्हणजे काय? लग्न आमचं, रडणं आमचं, भात आईनं रांधलेला. याची फक्त बॅटरी.

आधी त्यानं काचेचा उपाय करून पाहिला. पेंटरकडून एका काचेवर आपल्या दुकानाचं नाव लाल अक्षरांत लिहून घेतलं आणि ती काच कॅमेऱ्याच्या भिंगापुढे बसवली, म्हणजे कुणीही कॉपी केली तरी नाव याचंच. पण काच भिंगाला इतकी चिकटलेली की अक्षरं कसली, कोपऱ्यात नुसता तांबूस डाग दिसायचा, आणि तो नेमका नवरीच्या गालावर येऊन बसायचा. त्या मोसमातल्या नवऱ्या पाहून म्हाताऱ्या म्हणायच्या, बरं केलं, दृष्ट लागू नये म्हणून टिळा लावला.

मग बेलभंडार. आमच्याकडे बेलभंडार उचलणं म्हणजे शेवटची शपथ. बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा हातात घेऊन माणूस बोलला की त्यावर पंचसुद्धा पुढे विचारत नाहीत. वाटण्या, बांधाचे तंटे याच्यावर मिटायचे. या बहाद्दरानं काउंटरवर पितळी ताटलीत बेल आणि भंडारा ठेवला. कॅसेट न्यायची तर आधी तळहातावर घ्या आणि म्हणा, मी याची कॉपी करणार नाही. सिनेमाच्या कॅसेटांनाही तोच नियम. म्हणजे चोरीचा माल पुढे कुणी चोरू नये म्हणून देवाला साक्षीला बसवलेलं. देवानं हे कसं चालवून घेतलं हे मला अजून कळलेलं नाही.

गंगाखेडचा धंदा तरीही बंद पडेना. लोकांनी वाट काढली: शपथ घेणारा एक आणि कॉपी करायला नेणारा दुसरा. तेव्हा त्यानं जो शेवटचा उपाय काढला, त्याचा पहिला मान माझ्या लग्नाला मिळाला.

इथे आईविषयी सांगायला हवं. आमच्याकडे मंगलाष्टकं सुरू झाली की मुलीच्या आईनं मांडवात थांबायचं नाही. तिनं तांब्या घेऊन तुळशीपाशी जायचं आणि अक्षता पडून वाजंत्री वाजेपर्यंत तुळशीला पाणी घालत बसायचं. लेकीचं लग्न लागताना आईनं पाहायचं नसतं. का, ते कुणी सांगत नाही. आम्ही तिघी बहिणी, मी शेंडेफळ. दोन्ही अक्कांच्या वेळी आईनं तुळशीला पाणी घातलं, माझ्याही वेळी घातलं. फक्त माझ्या लग्नाआधी तिच्या कानावर आलं होतं की शूटिंग होणार आहे. हळद लागायच्या दिवशी मला एकटीला गाठून म्हणाली, "मागून टीव्हीत बघायला काय हरकत नसल न्हवं? तवा तर लगीन लागून गेल्यालं असतंय." मी म्हणाले, कसली हरकत. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती. तीन लेकींतलं एक तरी लग्न लागताना पाहायचं.

लग्नात काय घडलं ते मला दुसऱ्यांकडून कळलं. अंतरपाट धरला तसा शूटिंगवाल्यानं कॅमेऱ्यातली कॅसेट काढून दुसरी घातली. अक्षता पडल्या, हार घातले, आणि त्यानं ती दुसरी कॅसेट बाहेर काढली, लाल फडक्यात गुंडाळली, मेणबत्तीवर लाख वितळवून माझ्या वडलांच्या आणि सासऱ्यांच्या देखत गाठीवर शिक्का मारला. दोघेही गंभीरपणे उभे होते. वडलांना वाटलं ही सरकारी पद्धत असेल. सासऱ्यांना वाटलं ही वडलांनी काढलेली पद्धत असेल. मानपानाच्या गडबडीत कुणी कुणाला विचारलं नाही.

महिन्याभरानं कॅसेट झरीला आली. सासऱ्यांनी व्हीसीआर भाड्यानं आणला, अर्धी गल्ली ओसरीत बसली. हळद झाली, रुखवत झालं, वरात मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन आली. माझ्या चुलत दिरानं वरातीत केलेला नाच सबंध दाखवला होता, दमून खाली बसेपर्यंत. मग अंतरपाट वर झाला आणि पडद्यावर एक पुठ्ठा आला. त्यावर लिहिलेलं: 'येथे लग्न लागले. पुढील भाग दुकानात येऊन पाहावा.' पाठोपाठ पंगती. माणसं बुंदी खायला लागली.

सासूबाई म्हणाल्या, "आन लगीन?"

चुलत दिरानं कॅसेट मागे नेऊन पुन्हा लावली. पुन्हा पुठ्ठा, पुन्हा बुंदी. मागच्या रांगेतल्या एका आजीनं खणखणीत आवाजात विचारलं, हे लग्न लागलंय की नुसतं जेवून उठलेत. पुढचे आठ दिवस झरीत मला हेच ऐकावं लागलं.

दुसऱ्या दिवशी आमचे मास्तर तावातावानं परभणीला गेले. वर्गात चाळीस पोरांना दरडावणारा हा माणूस दुकानदारापुढे कसा उभा राहिला असेल ते मला दिसतंय, कारण संध्याकाळी परतला तेव्हा तो शूटिंगवाल्याचंच कौतुक करत होता. "डोकं लय हाय त्या माणसाला," म्हणाला. शूटिंगवाल्यानं त्याला समजावून सांगितलं होतं, "मास्तर, कॉपी करणारा काय नेईल? हळद नेईल, वरात नेईल. खुशाल न्या म्हणावं. खरं लग्न माझ्या कपाटात हाय. तुमचं लग्न मी राखायलोय आन तुमीच माझ्यावर चिडायलाव." पाहायचं असेल तर नवरा-नवरीनं जोडीनं दुकानात यायचं, सोबत लग्नपत्रिका आणायची, बेलभंडार उचलायचा, मग शिक्का फुटेल, एकवार पाहायचं आणि पुन्हा शिक्का लागेल.

"आपलंच लग्न पाहायला पत्रिका?" मी विचारलं.

"दुसऱ्या कुणी येऊन पाहू नये म्हणून," नवरा म्हणाला. आमचं लग्न पाहायला परभणीत चोर टपून बसलेत हे त्याला पटलं होतं. मास्तर लोकांना नियम नुसता दिसला तरी भरून येतं.

आईला हे कसं कळवायचं याची मला लाज वाटत होती. शेवटी मी आपले गंगाखेडच्या त्या दुकानदाराला हात जोडले. होय, मी कॉपी करून घेतली; शपथ नवऱ्यानं घेतली होती, मी नव्हे. ती कॉपी माहेरी पाठवली. वडलांनी सोनपेठहून टीव्ही-व्हीसीआर आणून आईला दाखवली. पुढे मी माहेरी गेले तेव्हा तिला विचारलं, कशी वाटली?

चुलीपुढून मान न वळवता म्हणाली, "काय बघू त्यात? हळद म्याच कालवली. रुखवत म्याच मांडलं. बुंदी माज्या देखत पाडली. जे माज्या डोळ्यांनं पाह्यलं त्येच दावलं, आन जे न्हाई पाह्यलं तिथं पाटी." मग लाकूड चुलीत सारत, "त्या पाटीवर काय लिवलं व्हतं गं?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "मग जाऊ की दुकानात."

एवढं सोपं नव्हतं. पेरणी झाली, शाळा सुरू झाल्या. दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद पुकारलेला. एसटी आगारातून हललीच नाही. दुसऱ्या वेळी आई सोनपेठच्या स्टँडवर नवं लुगडं नेसून दोन तास उभी राहून परत गेली होती. हे मला वडलांनी सांगितलं, तिनं नाही. त्या दिवशी मी नवऱ्याला म्हणाले, आता सूर्य इकडचा तिकडे झाला तरी या आठवड्यात तिला ते पंधरा मिनिटांचं लग्न दाखवायचंच.

गेलो. आई सोनपेठहून आली, आम्ही झरीहून. भर दुपारी दुकान गाठलं. शूटिंगवाल्यानं पत्रिका घेतली, आमच्या तोंडांकडे पाहिलं, पत्रिकेकडे पाहिलं, जणू पत्रिकेवर आमचे फोटोच होते. मग आईकडे बोट. "या बाईंचं नाव पत्रिकेत वधू म्हणून न्हाई."

"आई आहे माझी," मी म्हणाले.

"नियम जोडीचा हाय, ताई."

आमचे मास्तर नियमाच्या बाजूनं काही बोलणार तेवढ्यात मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि ते भिंतीवरच्या सिनेमांची नावं वाचायला लागले. मी शूटिंगवाल्याला सांगितलं की तुमच्या भिंतीवरचे सिनेमे कुठून येतात ते मला विचारायचं नाही, पण विचारायला लागले तर इथेच, रस्त्यावर उभी राहून विचारीन. तो म्हणाला, "तुमी लगेच तापता. बसा, माय, बसा." आणि ताटली पुढे केली.

आईनं बेलभंडार तळहातावर घेतला. तिला काय म्हणायचं ते त्यानं सांगितलं. ती म्हणाली, "मी याची कापी करनार न्हाई." मग त्याच्याकडे पाहून, "मला भाकर करता येती, बाबा. ह्ये येत न्हाई." तरीही त्यानं माझी पिशवी उघडून आत वायर नाही ना हे पाहिलं. पिशवीत आईनं माझ्यासाठी आणलेला लाह्यांचा चिवडा होता.

मग दुकानाचं अर्धं शटर ओढलं. लोखंडी कपाट उघडलं. आत असली लाल गाठोडी रांगेनं मांडलेली, प्रत्येकावर शिक्का आणि आडनावाची चिठ्ठी. निम्म्या जिल्ह्याची लग्नं तिथे लागायची राहिली होती. आमचं गाठोडं काढून त्यानं शिक्का फोडला. आई स्टुलावर पुढे सरकून बसली, डोक्यावरचा पदर नीट केला. एवढ्या जवळून टीव्ही पाहू नये असं कुणी तिला सांगितलं नाही.

अंतरपाट दिसला. पलीकडे मुंडावळ्या, माझा हिरवा चुडा. भटजींचा आवाज. आई पुटपुटली, "आता दिसंल." पहिलं मंगलाष्टक झालं, दुसरं झालं. कॅमेरा अंतरपाटाच्या कडेनं माझ्याकडे यायला लागला, माझी हनुवटी दिसली, आणि एकदम गचका बसून चित्र फिरलं. मांडवाचं दार. धूळ. एक पांढरी जीप.

आमच्या भागातले एक पुढारी होते. नदीच्या अलीकडच्या गावात नामांतराच्या बाजूनं बोलायचे आणि पलीकडच्या गावात विरोधात, आणि दोन्हीकडे टाळ्या घ्यायचे. लग्नाला यायचे ते नेमके मंगलाष्टकांत. त्या दिवशी मांडवात काहीतरी गलबला झाला एवढंच मला आठवत होतं. आता कारण दिसलं. पुढारी जीपमधून उतरले. त्यांना फेटा. त्यांना शाल. ते सगळ्यांना हात जोडतायत, पहिल्या रांगेतली माणसं उठून जागा देतायत. मागून भटजींचं तिसरं, चौथं, पाचवं. पुढारी खुर्चीवर बसले, रुमालानं घाम पुसला. कुणीतरी त्यांना थंड बाटली दिली. ती त्यांनी सगळी प्यायली आणि कॅमेऱ्यानं ती सगळी दाखवली. 'सावधान' ऐकू आलं, वाजंत्री कडाडली, आणि पुढाऱ्यांच्या चष्म्यावर अक्षता पडल्या. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग पुन्हा गचका बसला आणि आम्ही दोघं गळ्यात हार घालून खुर्च्यांवर बसलेलो. संपलं. टीव्हीवर मुंग्या आल्या.

शूटिंगवाला उभाच राहिला होता. त्यानंही हे पडद्यावर तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं; मोसमभरच्या लग्नांत आपण कॅमेरा कुठे वळवला होता हे तो विसरून गेला होता. शिक्का मारून ठेवल्यावर कशाला पाहील? सगळ्या परभणीपासून ज्याचा बंदोबस्त केला ते काय आहे हे त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. पण हार मानणारा नव्हता. घसा खाकरून म्हणाला, "साहेब मातर लय स्वच्छ आले." आमचे मास्तर हळूच म्हणाले, "उजेड चांगला होता." त्या दोघांना त्यांच्या त्या ताटलीसकट गोदावरीत ढकलून द्यावंसं मला वाटलं, आणि आजही आठवण झाली की वाटतं.

आईचे डोळे पडद्यावरच्या मुंग्यांवरच होते. मग म्हणाली, "म्हंजे कुनीच न्हाई पाह्यलं."

तो लाख वितळवायला मेणबत्ती पेटवत होता. नियमाप्रमाणे पुन्हा शिक्का लागायचा होता ना.

स्टँडवर सोनपेठची गाडी लागायला वेळ होता. नवरा तिकिटाची चौकशी करायला गेला. आई बाकावर माझ्याशेजारी बसली होती, मांडीवर पिशवी. मग म्हणाली, "मग तूच सांग की. तू तर तिथंच व्हतीस. कशी दिसत व्हतीस?"

मी सबंध मंगलाष्टकं मान खाली घालून उभी होते. मला माझ्या पायाची बोटं आणि पाटाची कड एवढंच दिसलं होतं. पण मी सांगायला लागले. मुंडावळ्या कपाळावर कशा बसल्या होत्या, अंतरपाट खाली आला तेव्हा मी कसं वर पाहिलं, अक्षता केसांत कशा अडकल्या, सगळ्या बाया कशा म्हणत होत्या पोरगी उजळली. एकेक गोष्ट रचून सांगितली. आई माझ्याकडे पाहत नव्हती, समोर पाहून ऐकत होती, जणू समोर पडदा आहे.

"रडलीस का तवा?" तिनं विचारलं.

"न्हाई," मी म्हणाले.

"मी रडले," आई म्हणाली. "तांब्यातलं पानी सपलं व्हतं, तरी वतीतच बसले व्हते."